सिक्कीमचा दाखला, सत्तरीचा काजू : एका बागायतदार गटाचे प्रकरण

या प्रकरणातील गाव, गट आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. गटाच्या बैठकांची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे आलेला बहुतेक भाग त्या वहीवरून लिहिला आहे. जिथे माझे स्वतःचे मत आहे तिथे ते तसे कळेल अशा रीतीने मांडले आहे.

पार्श्वभूमी

सत्तरी हा गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यातला, समुद्राला कुठेही न भिडणारा तालुका आहे. उत्तरेला महाराष्ट्राचा दोडामार्ग, पश्चिमेला डिचोली, पूर्वेला सह्याद्रीचा कडा आणि कड्यापलीकडे कर्नाटकातला खानापूर. मधून म्हादई वाहते आणि तालुक्याचा मोठा भाग १९९९ मध्ये अधिसूचित झालेल्या म्हादई अभयारण्यात मोडतो. वाळपईहून पणजी पन्नास किलोमीटरच्या आत असली तरी गोव्याविषयी बाहेर जे लिहिले जाते त्यात हा मुलूख क्वचितच येतो. इथल्या माणसाचे पोट किनाऱ्यावरच्या पर्यटनावर चालत नाही. ते बराच काळ कुळागरावर, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेवर, डोंगरउतारावरच्या काजूवर आणि अलीकडची काही दशके लोहखनिजाच्या खाणीच्या ट्रकवर चालले.

खाण २०१२ मध्ये पहिल्यांदा थांबली. पुढे काही काळ ती सुरू झाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून सारे काम बंद पडले. आमच्या गटातील एकतीस कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक घरांत कोणी ना कोणी खाणीशी बांधलेला होता: कोणाचा ट्रक, कोणाचे गॅरेज, कोणाचा चहाचा गाडा. मार्च महिना हा काजूच्या बियांचा महिना, त्यामुळे त्या वर्षी कधी नव्हे ते घरातले सगळे पुरुष काजूत दिसू लागले. तोवर बी वेचणे हे बायकांचे आणि सुट्टीतल्या मुलांचे काम होते आणि बोंडू, म्हणजे काजूचे फळ, दारू गाळणाऱ्या भाटीवाल्याकडे पोहोचवण्यापुरते पुरुष येत.

काजू हे गोव्यातले सर्वांत मोठ्या क्षेत्रावरचे पीक आहे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड इथल्या जांभ्या दगडाच्या उतारांवर इतके रुजले की कोणाला ते परके वाटत नाही. बोंडवापासून हुराक आणि फेणी होते, २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण बागायतदाराच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः बीचा. बीचा भाव गावात ठरत नाही. आफ्रिकेतून आयात होणारी कच्ची बी किती स्वस्त पडते, यावर कारखानदार किती देईल ते ठरते, आणि गावातला खरेदीदार त्यातून आपले काढून उरलेले सांगतो. सरकारची आधारभूत किंमत आहे, पण तिचा फरक मिळवायला कागद लागतात, आणि या प्रकरणात कागद हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे.

अडचण कशी उभी राहिली

२०१८ च्या ऑक्टोबरात गटातले दोन तरुण एका अभ्यास दौऱ्यात सिक्कीमला जाऊन आले. गंगटोक आणि नामची पाहून परतल्यावर देवळाच्या सभामंडपात त्यांनी मोबाइलवरची छायाचित्रे दाखवली आणि एक वाक्य सांगितले, जे नंतर तीन वर्षे गावात फिरत राहिले: तिथे अख्खे राज्य सेंद्रिय आहे, आपले एक गाव होणार नाही का?

वाक्यात चूक काही नव्हते. सिक्कीमच्या विधानसभेत २००३ मध्ये राज्य सेंद्रिय करण्याची घोषणा झाली, २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मोहीम सुरू झाली, सुमारे ७५ हजार हेक्टर शेतजमीन प्रमाणित झाली आणि १८ जानेवारी २०१६ रोजी गंगटोकमध्ये पंतप्रधानांनी देशातले पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा केली. त्याच सुमारास म्हापशाच्या एका व्यापाऱ्याने गटाच्या अध्यक्षांना सांगितले होते की सेंद्रियचे प्रमाणपत्र असेल तर बीला चढा भाव देईन. हे बोलणे तोंडी होते. किती चढा, किती वर्षे, किती मालाला, यातले काहीही विचारले गेले नव्हते.

आमच्या डोंगरावरच्या काजूला कोणी रासायनिक खत घालत नव्हते हेही खरे. घालायला पैसा नव्हता आणि उतारावर गोणी चढवायला माणूस नव्हता. त्यामुळे बहुतेकांचा समज झाला की आपण सेंद्रिय आहोतच, फक्त कोणीतरी येऊन शिक्का मारायचा उरला आहे. पुढच्या बऱ्याच गोष्टी या समजातून निघाल्या.

सरांचे टिपण

गटातले एक ज्येष्ठ सदस्य निवृत्त शिक्षक आहेत. तीस वर्षे त्यांनी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. गाव त्यांना सर म्हणूनच ओळखते. त्यांनी बैठकीत सांगितले की दाखला घ्यायचा तर ज्याचा घ्यायचा त्याला आधी नीट ओळखावे, आणि महिनाभर वेळ मागून घेतला. काहींना हा वेळकाढूपणा वाटला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी सिक्कीम आणि गोवा शेजारीशेजारी काढले आणि जानेवारीतल्या दोन बैठका त्यावरच गेल्या. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता, म्हणून तो इथे विस्ताराने देतो.

सिक्कीमचे क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या ३,७०२ च्या जवळजवळ दुप्पट. पण २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६,१०,५७७ होती आणि गोव्याची १४,५८,५४५. तिथे चौरस किलोमीटरला ८६ माणसे, आपल्याकडे ३९४. पश्चिमेला नेपाळ, उत्तरेला आणि ईशान्येला तिबेट, पूर्वेला भूतान, आणि भारताकडे उघडणारे एकच दार, दक्षिणेचे पश्चिम बंगाल. जमीन तीनशे मीटरच्या आसपासच्या खोऱ्यांपासून कांचनजंगेच्या ८,५८६ मीटरपर्यंत चढते. आपल्या गोव्याचे सर्वांत उंच शिखर सत्तरीतच आहे आणि ते बाराशे मीटरही भरत नाही. तिथे ८० टक्क्यांहून अधिक भूभाग वनखात्याच्या अखत्यारीत आहे आणि शेतीला उरते ती दहा-अकरा टक्के जमीन, तीही पायऱ्यापायऱ्यांची.

सरांनी इथे थांबून एक प्रश्न विचारला: अशा जमिनीत मुळात रासायनिक खत जात तरी किती असेल? मोहीम सुरू होण्यापूर्वीही तिथला खतांचा वापर हेक्टरी दहा किलोहून कमी होता. म्हणजे सिक्कीमने सोडले ते फारसे धरलेलेच नव्हते. ही गोष्ट आपल्या काजूशी जुळते, असे सगळ्यांना वाटले आणि सभामंडपात उत्साह पसरला. सर म्हणाले, जुळते ते एवढेच. आता न जुळणारे पाहू.

तिथली माणसे लेपचा, भुतिया आणि नेपाळी अशा तीन मोठ्या समूहांची. नेपाळी बोलणारे बहुसंख्य, आणि त्यांच्यातही राई, लिंबू, गुरुंग, तामांग असे अनेक. १६४२ पासून नामग्याल घराण्याचे चोग्याल राजे होते. १६ मे १९७५ रोजी सिक्कीम भारताचे राज्य झाले, तेव्हा संविधानातील ३७१-एफ या अनुच्छेदाने तिथले जुने कायदे टिकवले गेले. १९१७ च्या एका महसुली आदेशानुसार भुतिया आणि लेपचा यांची जमीन इतरांना विकता येत नाही, आणि तो आदेश आजही पाळला जातो. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, १९८७ मध्ये राज्य झाला. पण सत्तरीतली जमीन कोणाची हा प्रश्न पोर्तुगीज काळापासून तसाच लोंबकळत राहिला. कोणी मोकाशाच्या, म्हणजे जुन्या वतनदाराच्या, जमिनीवर पिढ्यानपिढ्या कसतो, कोणाकडे पोर्तुगीज सरकारने लागवडीसाठी दिलेला अल्वारा आहे, कोणाची बाग वनखात्याच्या हद्दीत दाखवली आहे. झाडे आजोबांनी लावलेली, बी आजीने वेचलेली, आणि एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यासारख्या, उताऱ्यावर नाव भलत्याचेच.

हे सांगताना सरांचा आवाज बदलला. त्यांची स्वतःची बागही अल्वाराचीच आहे.

अर्थकारणाचा भाग ऐकून सभा सर्वांत अधिक गप्प झाली. दरडोई उत्पन्नात सिक्कीम आणि गोवा दोन्ही देशात अगदी वरच्या रांगेत असतात, आणि दौऱ्यावरून आलेल्या तरुणांनी स्वाभाविकपणे धरले होते की तिथले उत्पन्न सेंद्रिय शेतीचे असणार. प्रत्यक्षात तिथला मोठा पैसा औषध कारखान्यांचा आणि जलविद्युत प्रकल्पांचा आहे. ईशान्य भारतासाठीच्या २००७ च्या औद्योगिक धोरणातल्या करसवलतींमुळे रंगपो, सिंगताम या पट्ट्यात औषध कंपन्या आल्या. तिस्ता आणि तिच्या उपनद्यांवर वीजप्रकल्प उभे राहिले. त्यावर केंद्राचा निधी आणि पर्यटन. शेतकरी मोठ्या वेलचीवर, आल्यावर, हळदीवर आणि संत्र्यावर कष्ट करतो, पण प्रमाणीकरणाचा खर्च, गटांची कागदपत्रे, तपासनीस, हे सगळे राज्याने उचलले, कारण राज्याकडे उचलण्याइतके होते आणि शेती इतकी थोडी होती की ते शक्य झाले. आमच्यासाठी ते कोण उचलणार, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने विचारला.

पिकाचाही फरक होता. मोठी वेलची उतिसाच्या झाडांच्या सावलीत, ओलसर ओढ्याकाठी होते. वजनाला हलकी, भावाला भारी, वाळवली की टिकते. अशा मालाला डोंगरातून सिलिगुडीपर्यंत नेणे परवडते. त्याच सिक्कीमने २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या बिगरसेंद्रिय भाजीपाल्यावर निर्बंध घातले, तेव्हा बाजारात भाज्या महागल्या आणि ग्राहकांनी कुरकुर केली, कारण राज्य स्वतःला पुरेल एवढी भाजी पिकवत नव्हते. सगळा व्यवहार दहाव्या क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या एका रेघेवर टांगलेला; पावसाळ्यात दरड कोसळली की तीही बंद. आम्ही स्वतःला आतल्या भागातले, आडबाजूचे समजतो. पण वाळपईहून एका दिवसात म्हापसा, फोंडा, चोर्ला घाटाने बेळगाव, कुठेही पिकअप जाऊन परत येते. सरांच्या टिपणातले शेवटचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवले आहे: सिक्कीमला दूरच्या बाजारासाठी शिक्का लागला, आपला बाजार जवळ आहे, तेव्हा आपल्याला नेमके काय कमी पडते ते आधी शोधा.

समोर असलेले पर्याय

फेब्रुवारी २०१९ पर्यंत तीन वाटा स्पष्ट झाल्या होत्या. पहिली, निर्यातीला चालणारे त्रयस्थ संस्थेचे प्रमाणीकरण, सिक्कीमने घेतले तसे. बहुवर्षीय पिकाला त्यासाठी तीन वर्षांचा रूपांतर काळ लागतो आणि बागायतदारांचा गट करून गेले तर त्यात किमान पंचवीस जण लागतात. दुसरी, सहभागी हमीची, म्हणजे पीजीएस पद्धत, जिच्यात गटातलेच बागायतदार एकमेकांच्या बागा तपासतात. खर्च थोडा, गट पाच जणांचाही चालतो, पण हे प्रमाणपत्र देशातल्या बाजारापुरतेच. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेत याच पद्धतीवर भर होता. तिसरी वाट वहिनींनी मांडली. गटात सर्वांत जास्त बी वेचणाऱ्या घरातल्या त्या. बैठकीला पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या म्हणाल्या की शिक्का राहू दे, आपली बी ओली जाते, मातीसकट जाते, पोकळ बी भरलेल्या बीबरोबर जाते, म्हणून खरेदीदार कापतो. आधी वाळवायला पत्रे आणि चाळण घ्या.

तेव्हा मी हे वहीत एका ओळीत लिहिले होते. आज ती ओळ वाचताना वाईट वाटते, कारण सभेनेही तिला तेवढीच जागा दिली.

पहिल्या वाटेचा निकाल कागदांनी लावला. जमिनीचा पुरावा म्हणून उतारा मागितला गेला, आणि एकतीसपैकी एकोणीस कुटुंबांचाच उतारा स्वच्छ निघाला. बारा कुटुंबे अल्वारा, मोकासा आणि वनहद्द यांत अडकलेली होती. एकोणीस म्हणजे पंचवीस नव्हेत. शेजारच्या गावातले सहा जण घेऊन संख्या भरावी अशी सूचना आली. ज्यांच्या बागा आम्ही कधी पाहिल्या नाहीत त्यांची हमी आपण कशी द्यावी, असे विचारून सरांनी ती नाकारली, आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

मार्च २०१९ मध्ये एकोणीस कुटुंबांचा पीजीएस गट करायचे ठरले. बारा कुटुंबांना सांगण्यात आले की तुमचे कागद झाले की या.

हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयबिंदू. निर्णय नियमाला धरून होता, पण घेण्याची रीत चुकली. ज्या बैठकीत तो झाला तिला बारांपैकी तीनच घरांतले लोक हजर होते, कारण बी पडायला लागली होती आणि माणसे बागेत होती. कागद होणे हे त्यांच्या हातात नव्हते. मामलेदार कचेरीतल्या फायली कित्येक वर्षे तशाच होत्या. ज्यांचा उतारा स्वच्छ ते सेंद्रिय आणि ज्यांचा नाही ते तसे नाहीत, असा अर्थ गावात पसरला, आणि बाग तर दोघांची एकाच उतारावर, एकाच ओहोळाच्या अल्याडपल्याड. त्या वर्षी शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, दोन घरे मांडावर, गाव जमते त्या जागी, नेहमीच्या ठिकाणी बसली नाहीत. बाहेरच्या वाचकाला ही गोष्ट लहान वाटेल, पण गावात तिचा अर्थ सर्वांना कळतो.

स्वतः अल्वाराची बाग असलेले सर अर्थातच बारांमध्ये होते. तरीही एकोणिसांच्या बागांची तपासणी कशी करायची, नकाशा कसा काढायचा, नोंदवही कशी ठेवायची, हे त्यांनीच शिकवले. त्यांच्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे तुटले नाही.

टाळेबंदीचा हंगाम

२०२० चा मार्च आला आणि बी जमिनीवर असतानाच टाळेबंदी लागली. गोव्यात पहिले काही दिवस दुकानेही उघडी नव्हती. गावातला खरेदीदार आला नाही, म्हापशाच्या व्यापाऱ्याने फोन घेतला नाही, आणि भाट्यांचे काम अडल्यामुळे बोंडू झाडाखाली कुजले. घरात बी साठत गेली. ओली बी पोत्यात कोंडली तर गर काळवंडतो आणि तिला कोणी विचारत नाही.

तेव्हा वहिनींची सूचना आठवावी लागली. शाळेचे अंगण, देवळापुढची जागा आणि ज्यांच्या घरासमोर सिमेंटचे खळे होते ती सगळी खळी मिळून बी तीन-तीन दिवस उन्हात वाळवली गेली. पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ बी वेगळी केली, पुन्हा सुकवली, गावठी बारीक बी आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या सुधारित जातींची जाड बी वेगवेगळी भरली. या कामात एकोणीस आणि बारा असा भेद ठेवणे शक्य नव्हते, कारण अंगण सर्वांचे होते आणि ऊन जाईपर्यंतच वेळ होता. पण पीजीएसच्या नियमाप्रमाणे माल मिसळता येत नाही. म्हणून पोत्याच्या तोंडाला दोरा बांधायची पद्धत निघाली: गटातल्या बीला हिरवा, बाकीच्या बीला पांढरा. वाहतूक सुरू झाल्यावर सगळी पोती एकाच पिकअपने गेली आणि सहकारी संस्थेच्या केंद्रावर वजन झाले.

भाव पडलेलाच होता. पण त्या वर्षी ओलाव्यासाठी आणि कचऱ्यासाठी एका पोत्यालाही कपात बसली नाही, आणि ती गोष्ट वहीत मी अधोरेखित केली.

ढेकण्याचे वर्ष

२०२१ च्या मोहोराला ढेकण्या लागला. या किडीने कोवळ्या शेंड्यातला रस शोषला की मोहोर जळाल्यासारखा काळा पडतो आणि चार-पाच दिवसांत झाड विटते. दशपर्णी अर्क आणि निंबोळी अर्क वेळेवर आणि नेटाने फवारला तर उपयोग होतो. तांबड्या मुंग्यांची वस्ती असलेल्या झाडांवर प्रादुर्भाव कमी दिसतो, हेही अनुभवाने माहीत होते. पण अर्क आधीपासून करून ठेवलेला नव्हता. आमची बाग आपोआप सेंद्रिय आहे या समजाने खत न घालण्याची काळजी घेतली होती, किडीची तयारी केलीच नव्हती.

एकोणिसांतल्या एका कुटुंबाने रात्री कीटकनाशक फवारले. घरात कर्ज फेडायचे होते, ट्रकाचे हप्ते खाण बंद झाल्यापासून तुंबलेले होते आणि काजू हीच त्या वर्षाची एकमेव मिळकत होती. शेजारच्या बागेत वास गेला आणि सकाळी गटाला कळले.

दुसरा निर्णयबिंदू इथे आला. नियमाप्रमाणे त्या कुटुंबाची बाग पुन्हा रूपांतर काळाच्या पहिल्या वर्षावर जाणार होती. काहींचे म्हणणे पडले की नोंदच करू नये, कोणाला कळणार आहे. दोन तास वाद झाला. त्या घरातल्या काकी शेवटी उठून म्हणाल्या, आम्ही मारले ते खरे आहे, वहीत लिहा, पण उद्या अर्क करायला आमच्या अंगणात या, माझ्याकडे गाय आहे. नोंद केली गेली. त्या कुटुंबाची पोती पांढऱ्या दोऱ्यात गेली आणि त्यांचे अंगण पुढे गटाचे अर्क करण्याचे ठिकाण झाले. सहभागी हमी म्हणजे काय हे मला नियमपुस्तिकेपेक्षा त्या बैठकीत अधिक नीट कळले.

परिणाम

२०२२ मध्ये अठरा कुटुंबांना पूर्ण सेंद्रियचे प्रमाणपत्र मिळाले. म्हापशाच्या व्यापाऱ्याकडे ते घेऊन गेल्यावर त्याने सांगितले की त्याचा माल निर्यातीच्या कारखान्याकडे जातो आणि तिथे पीजीएस चालत नाही. तरी ओळखीखातर किलोमागे दोन-चार रुपये अधिक देईन. ही गोष्ट २०१८ मध्ये एका प्रश्नाने कळली असती. पणजीतल्या दोन दुकानांनी थोडी बी स्वतःच्या नावाने भाजून विकायला घेतली, आणि तिथे प्रमाणपत्राचा उपयोग झाला. पण तो माल एकूण बीच्या मानाने अगदीच थोडा आहे.

खरा फरक वाळवण, निवड आणि एकत्र वाहतूक यांनी पडला. तो हिरव्या आणि पांढऱ्या दोन्ही दोऱ्यांच्या पोत्यांना सारखाच मिळाला. बारांपैकी सात घरे वाळवणीच्या गटात नियमित आली. तीन घरांनी आपली बी पूर्वीच्या खरेदीदारालाच घालणे सुरू ठेवले, आणि दोन घरांनी बाग दुसऱ्याला कसायला देऊन म्हापशात नोकरी धरली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमची पुन्हा आठवण निघाली. दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तिस्तेला पूर आला, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि महामार्ग ठिकठिकाणी तुटला. दौऱ्यावर गेलेल्या दोघांपैकी एकाने तिथे ज्यांच्या घरी जेवले होते त्या शेतकऱ्याला फोन लावला. माणसे सुखरूप होती, वेलची घरात अडकून पडली होती. सभामंडपात त्या संध्याकाळी बराच वेळ कोणी दुसरा विषय काढला नाही.

वेगळे काय करता आले असते

व्यापाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर तीन वर्षांची आखणी करण्यापूर्वी त्याला कोणते प्रमाणपत्र लागते हे लिहून घ्यायला हवे होते. हे सर्वांना मान्य आहे आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

सरांचे टिपण आम्ही ऐकले, त्याला दाद दिली आणि मग जे आधीच ठरवले होते तेच केले, ही माझ्या मते अधिक गंभीर चूक. सिक्कीमच्या उदाहरणातून घेण्यासारखे होते ते प्रमाणपत्राच्या अलीकडचे होते: तिथे आधी जमिनीच्या नोंदी आणि खर्चाची तजवीज होती, शिक्का त्यानंतर आला. आमच्याकडे पहिले वर्ष बारा कुटुंबांच्या फायलींमागे लावता आले असते. एकट्या बागायतदाराने कचेरीत खेटे घालणे आणि एकतीस घरांनी मिळून पंचायतीचा ठराव घेऊन जाणे यांत फरक आहे. काम झालेच असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण शिगम्यात ती दोन घरे वेगळी बसली नसती एवढे मला खात्रीने वाटते.

बैठकीची वेळही बदलायला हवी होती. हंगामात संध्याकाळी सातला बोलावलेल्या सभेत दिवसभर बी वेचून आलेली बाई स्वयंपाकघरात असते. २०२२ पासून हंगामातली बैठक दुपारी, वाळवणीच्या खळ्यावरच होते, आणि वहीत वहिनींच्या नावापुढे आता एकाहून अधिक ओळी असतात.

किडीची तयारी हा भाग अजून अर्धवट आहे. अर्क डिसेंबरातच करून ठेवायचा हे ठरले आहे, पण लांबच्या उतारावर पाणी कसे न्यायचे याचे उत्तर सापडलेले नाही, आणि नवी कलमे लावताना बाळ्ळी-२ घ्यावी की वेंगुर्ल्याच्या जाती, यावर गटात दोन मते आहेत.

गेल्या हंगामाच्या शेवटी अध्यक्षांनी एक प्रश्न मांडला. दोन्ही दोऱ्यांच्या पोत्यांना भाव एकच मिळतो, तर दोरे बांधायचे कशाला? पणजीच्या दुकानांसाठी हिरवा दोरा लागतो, असे काहींनी सांगितले. सर म्हणाले की माझा उतारा होईपर्यंत माझ्या पोत्याला पांढरा दोरा राहू दे, कोणी विचारले तर सांगता येते की हा का पांढरा आहे. त्यावर निर्णय झाला नाही. येत्या फेब्रुवारीत पहिली बी पडण्याआधी पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि दोऱ्याची दोन्ही रिळे सध्या शाळेच्या कपाटात ठेवलेली आहेत.